दारूचे दुकान, तमाशाची कनात आणि सरकारचा परवाना



अमरावतीहून अकोल्याकडे एस.टी.ने निघाले म्हणजे वाटेत गावे लागतात, फाटे लागतात आणि बहुतेक प्रत्येक मोठ्या फाट्याच्या आसपास एक पाटी दिसते : ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. पुढे जरा मोठे गाव आले, की दुसरी पाटी : ‘परमिट रूम व बिअर बार’. आपण त्या इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांतले शब्द आता वाचतही नाही. मलाही ते नीट वाचायला लावले ते एका खेड्यातल्या गुरुजींनी.

शिक्षकांच्या एका मेळाव्यात माझे इतिहासावर भाषण होते. भाषण संपल्यावर हे गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, “सर, आमच्या गावात दारूचं दुकान सरकारमान्य हाये. अन् गनपतीत पोरायनं नाटक बसवलं, तं ठान्यातून परवाना आना म्हनते. दारूले बी परवाना, नाटकाले बी परवाना. मंग सरकार मान्य कशाले करते अन् अमान्य कशाले करते, हे एकदा सांगा नं बाप्पा!”

मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. आज ते उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. कागदोपत्री मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा हा चमत्कारिक मामला होता. त्याआधी या मुलखात सरकारी उत्पन्न बरेचसे मक्त्याने वसूल होई. जमिनीचा सारा मक्त्याने, बाजाराची जकात मक्त्याने, आणि दारूही मक्त्याने. मक्ता म्हणजे काय? सरकारने सांगायचे, ‘या परगण्यातून आम्हांस इतके रुपये पाहिजेत, तू ते भर आणि मग लोकांकडून किती काढायचे ते तू पाहा.’ ज्याने जास्त बोली केली त्याला मक्ता मिळाला. भट्टी कुठे लावावी, किती काढावी, कुणाला विकावी, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते.

दारू होती ती मुख्यतः मोहाची. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. बाया-पोरे टोपल्या भरून ती वेचतात, वाळवतात. मेळघाटच्या कोरकूंच्या घरी हे फूल आजही अन्न आहे, औषध आहे, जनावरांचा चारा आहे, आणि सणावाराला त्याची दारूही आहे. देवाला धार दिल्याशिवाय, सोयऱ्याला पेला दिल्याशिवाय कार्य पुरे होत नसे. मैदानी वऱ्हाडात शिंदीच्या झाडाचा रस निघे. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा धंदा परंपरेने कलाल मंडळींकडे असे. म्हणजे इंग्रज येण्यापूर्वी दारू नव्हती असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. दारू होती, पण तिचे दुकान सरकारच्या जमाखर्चाला इतके घट्ट बांधलेले नव्हते.

ती गाठ कशी पडली ते आता पाहू.

इंग्रजी अमलात सगळ्या हिंदुस्थानभर अबकारीच्या तीन पद्धती थोड्या पुढेमागे चालल्या. पहिली जुनी मक्त्याची. दुसरी एक भट्टी, एक दुकान अशी : भट्टीवाल्याने वर्षाकाठी लिलावात बोली करून हक्क घ्यायचा आणि वर्षभर हवी तेवढी काढायची. यात गोम अशी, की एकदा बोलीची रक्कम भरली म्हणजे जितकी जास्त दारू खपेल तितका फायदा. म्हणून भट्टीवाला स्वस्त विके आणि लोक जास्त पीत. तिसरी पद्धत सदर भट्टीची. जिल्ह्यासाठी एकच मोठी भट्टी, तिच्याभोवती भिंत, दारावर शिपाई. आत गाळलेली दारू यंत्राने मोजायची, तिच्या जोरावर गॅलनमागे कर घ्यायचा आणि मगच ती परवानेवाल्या दुकानांत पाठवायची. दुकानाच्या परवान्याची फी निराळी.

या ‘जोराची’ मोजणी कशी करीत ते विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. पूर्वी इंग्लंडात दारू बंदुकीच्या पुडीवर ओतून पुडी पेटवून पाहत. पुडी पेटली तर दारू कसाला उतरली, म्हणजे ‘प्रूफ’. पुढे याचे प्रमाण ठरले : शंभरात सुमारे ५७ भाग मद्यार्क. त्याहून कमी जोराची ती ‘अंडर प्रूफ’. आज देशी दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो, तो याच हिशेबातून आला आहे. ५७.१ मधून चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस टक्के, वजा केला की ४२.८ उरतात. लंडनच्या पुडीचा हिशेब असा मूर्तिजापूरच्या बाटलीवर अजून टिकून आहे!

सदर भट्टी आली आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. कालपर्यंत जो कोरकू आपल्या मोहाची आपल्या सणाला गाळीत होता, तो उद्यापासून ‘चोरटी दारू काढणारा’ झाला. माणूस तोच होता, फूलही तेच. फक्त परवाना आड आला. परवान्याचा पहिला अर्थ वऱ्हाडाला असा समजला : जे सगळ्यांचे होते ते काहींचे झाले, आणि त्या काहींनी सरकारला पैसा भरला.

मात्र परवान्याची एक दुसरी बाजूही होती. ती न सांगणे अन्यायाचे होईल. दुकानाच्या परवान्यावर अटी असत. लहान मुलांना दारू विकू नये. दुकानात जुगार चालू देऊ नये. दंगाधोपा, बदनाम मंडळींचा अड्डा होऊ देऊ नये. ठरलेल्या वेळेआधी दुकान उघडू नये आणि वेळेनंतर चालू ठेवू नये. अटी मोडल्या तर परवाना रद्द. म्हणजे मक्तेदाराला जे कुणीच विचारीत नव्हते ते परवानेवाल्याला निदान कागदावर तरी विचारता येऊ लागले. या अटींची मुळे इंग्लंडात आहेत. तिथे १५५२ सालापासून दारूगुत्ता चालवायचा तर न्यायाधीशाकडून परवाना घ्यावा लागे, आणि ‘माझ्या घरात गोंधळ होऊ देणार नाही’ असा जामीन लिहून द्यावा लागे.

आणि वऱ्हाडाला परवाना ही चीज केवळ दारूमुळे ठाऊक झाली असे नव्हे. आपल्या कापसाच्या बाजारात अडत्या, दलाल, मापारी यांवर नियम बसवणारा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा १८९७ सालचा. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा. मापाऱ्याने काटा मारू नये म्हणून तिथे नियम आले. हा शेतकऱ्याच्या बाजूचा परवाना. म्हणून परवाना ही वस्तू मुळातच वाईट, असे इतिहासाला म्हणता येत नाही. तो कुणाच्या रक्षणासाठी आहे, हे विचारावे लागते.

कापसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगितले पाहिजे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी अकोला, बडनेरा करीत पुढे नागपूरला पोचली. पुढच्या काळात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. आठवड्याला रोख मजुरी हातात पडू लागली. जिथे धान्यावर मजुरी होती तिथे दारू उधारीवर किंवा दाण्यावर मिळे. जिथे रोख आली तिथे दुकान जवळ आले. माझी आजी सांगायची, की बाजाराच्या दिवशी जिनातून मजूर सुटण्याच्या वेळेला बाया फाटकाशी लेकरे घेऊन उभ्या राहत. नवऱ्याला भेटायला नव्हे, तर मजुरीला गाठायला! “लेकराच्या हाती देल्ले त घरी येते, त्याच्या हाती राह्यले त दुकानात जाते,” हे तिचे वाक्य. दारूच्या इतिहासात सरकारी आकडे पुष्कळ सापडतात. फाटकाशी उभ्या असलेल्या या बायांची मोजदाद कुठल्याच अहवालात नाही.

तेव्हा प्रश्न असा येतो, की गावात दुकान यावे की नाही हे ठरवताना गावाला कुणी विचारले होते का?

विचारा, असे म्हणणारे लोक होते. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढवण्याला त्यांनी लेखी विरोध केला. शहराच्या आरोग्याची जबाबदारी नगरपालिकेवर आणि दारूचे परवाने देणार सरकार, यातली विसंगती त्यांनी नेमकी पकडली होती. पुढे खुद्द लंडनच्या पार्लमेंटात १८८९ साली सॅम्युएल स्मिथ या सभासदाने हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणाविरुद्ध ठराव आणला. केन नावाच्या दुसऱ्या सभासदाने त्याला जोर लावला आणि ठराव मंजूर झाला. त्यानंतर दुकान कुठे असावे याबद्दल स्थानिक लोकांचे मत लक्षात घ्यावे, ही भाषा सरकारी कागदांत आली. ‘कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न’ हे सरकारचे सूत्र झाले. ऐकायला छान आहे. पण ज्या घरात दोन्ही गोष्टी एकाच खिशातून व्हायच्या, त्या घराला त्याचा अर्थ एवढाच कळला, की दारू महाग झाली.

आता कनातीकडे वळू, कारण गुरुजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिकडे आहे.

वऱ्हाडात करमणूक काय होती? दंडार होती, भारुड होते, तमाशा होता, कीर्तन होते. आणि हे सगळे एकत्र पाहायला मिळे ते यात्रेत. परतवाड्यापुढे सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा घ्या. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून महिनाभराहून अधिक चालणारी ही यात्रा एकेकाळी गुरांच्या बाजारासाठी, मातीच्या हंडीतल्या मटणासाठी आणि तमाशाच्या तंबूंसाठी सबंध वऱ्हाडात गाजलेली होती. बैल विकून पैसा हातात आलेला शेतकरी, समोर फडावरची ढोलकी आणि जवळपास कुठेतरी बाटली. आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू तिथे एकाच मैदानात उभ्या राहत. पुढे तिथले तमाशे बंद झाले. यात्रा मात्र चालू आहे.

करमणुकीवर सरकारची नजर गेली ती दारूपेक्षा निराळ्या कारणाने. दारूतून पैसा येतो म्हणून सरकारला ती हवी होती. नाटकातून विचार जातो म्हणून सरकारला त्याची भीती वाटली. बंगालातल्या नाटकांनी साहेबलोकांची थट्टा आरंभिली तेव्हा १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. ‘राजद्रोही, बदनामीकारक किंवा अश्लील’ प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार सरकारने घेतला. आपल्या मराठीत याचा ठळक बळी म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’. १९०७ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक १९१० मध्ये बंद केले गेले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि ते सरकारलाही दिसले!

पुढे सिनेमा आला. १९१८ सालच्या कायद्याने सिनेमाघराला परवाना लागला. त्याचे कारण मात्र रास्त होते : त्या काळची फिल्म भडकन पेट घेई, आणि बंद दाराच्या तंबूत आग लागली तर माणसे होरपळून मरायची. १९३६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात करमणूक कराचा कायदा झाला आणि तिकिटावर सरकारचा हिस्सा बसला. म्हणजे करमणुकीच्या परवान्यात तीन धागे विणले गेले : एक विचाराच्या भीतीचा, दुसरा माणसांच्या जिवाच्या काळजीचा, तिसरा कराचा. आज एखाद्या ठाण्यात नाटकाचा परवाना मागताना अंमलदार जे प्रश्न विचारतो, त्यातला प्रत्येक प्रश्न या तिनांपैकी कुठल्या तरी धाग्याचा असतो. गुरुजींनी आपल्या पोरांना तो कोणता, हे ओळखायला शिकवावे. लोकांच्या जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवली का, विजेची तार नीट आहे का, हे विचारणे रास्त आहे. नाटकात कुणावर टीका आहे, हे विचारणे १८७६ सालचे आहे.

स्वातंत्र्याच्या चळवळीत या दोन्हींचा निकाल लागेल असे लोकांना वाटले. १९२१ मध्ये आणि पुन्हा १९३० मध्ये देशभर दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला आपल्या खारपाण पट्ट्यातल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला गेला. पुसदला बापूजी अण्यांनी जंगलातले गवत कापले. मीठ, जंगल, दारू. तिन्ही गोष्टींत तक्रार एकच होती : आमच्या रोजच्या जिण्यावर परवाना बसवणारे तुम्ही कोण?

पण गंमत पाहा. १९१९ च्या सुधारणांनी अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती देशी मंत्र्यांच्या हाती दिली होती. तेव्हा शाळा काढायच्या तर पैसा हवा, आणि हाताशी असलेला पैसा दारूचा! १९३७ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा महात्मा गांधींनी नेमके हेच दुखणे पुढे मांडले : मुलांच्या शिक्षणाचा खर्च बापाच्या दारूवर चालवायचा काय? आपल्या शेजारी वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये जी शिक्षण परिषद भरली आणि जिच्यातून नयी तालीम निघाली, तिच्यामागे हा प्रश्न उभा होता. मुलांनी सूत काढावे, वस्तू बनवाव्या आणि शाळेने होता होईल तो आपला खर्च स्वतः भागवावा, ही कल्पना पुष्कळांना विचित्र वाटली. पण तिची एक बाजू दारूच्या दुकानाला टेकलेली होती हे आपण शिक्षकांनी विसरू नये. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला आणि काही भागांत बंदी सुरूही झाली. १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पाऊल अडखळले.

कायद्याच्या बाहेर मात्र या मुलखात एक माणूस हे काम वेगळ्या रीतीने करीत होता. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. त्यांचे वडील दारूपायी खंगून गेले, घरदार मोडले आणि लहानग्या डेबूला घेऊन आई मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. पुढे डेबूजीला मुलगी झाली, तेव्हा जातीच्या रीतीप्रमाणे बारशाला मटण आणि दारू हवी होती. त्याने पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. पंगत रुसली, पण डेबूजी हटला नाही. नंतर ऋणमोचनच्या यात्रेपासून थेट पंढरपूरपर्यंत त्यांची कीर्तने झाली. यात्रेत ज्या मैदानात बाटली विकली जाई त्याच मैदानात हजारो लोक रात्र रात्र त्यांना ऐकत बसत. तिकीट नव्हते, कनात नव्हती, परवाना नव्हता. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही मोझरीहून खंजिरी घेऊन हीच वाट धरली. या दोघांनी जे ओळखले ते कायद्याला सहसा ओळखता येत नाही : माणूस दुकानात नुसता दारूसाठी जात नाही, सोबतीसाठी जातो. त्याला दुसरी बैठक दिली नाही, तर नुसते दुकान बंद करून भागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा होता. १९५९ मध्ये तो विदर्भालाही लागू झाला. या कायद्याचे नाव आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे आहे, आणि इथे मी श्रोत्यांना क्षणभर थांबायला सांगतो. ज्या कायद्याखाली आपल्या फाट्यावरचे दुकान चालते, त्या कायद्याचे नाव दारूबंदी! त्याची बांधणीच अशी आहे, की बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. बंदीच्या काळात ज्याला प्रकृतीच्या कारणाने किंवा इतर मान्य कारणाने दारू लागे त्याला सरकार परमिट देई. हॉटेलात अशा परमिटवाल्यांसाठी निराळी खोली असे, ती ‘परमिट रूम’. पुढे बंधने सैल होत गेली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, आणि परमिट रूमच्या पाट्या रस्त्यारस्त्याला लागल्या. पण कायद्याने आजही पिणाऱ्याजवळ परमिट असायला हवे. एका दिवसाचे परमिट देशी दारूसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच रुपये असे आहे. खोलीला परमिटचे नाव राहिले. परमिट विचारणारा क्वचितच कुणी उरला.

न्यायालयांनीही हे वारंवार सांगितले आहे, की दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते सांगितले, १९९४ मध्ये पुन्हा सांगितले. सरकार देईल तर परवाना, काढील तर गेला.

मग करमणुकीचे काय? दारू आणि करमणूक एका छताखाली आली तर? हा प्रश्न २००५ साली जगाच्या दोन टोकांना एकदमच उभा राहिला. इंग्लंडात तोवर दारूचा परवाना वेगळा आणि गाण्याबजावण्याचा वेगळा असे. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथे नवा कायदा अमलात आला. त्याने दोन्हींचा एकच परवाना केला आणि तो देताना चार गोष्टी पाहाव्यात असे ठरवले : गुन्हे आणि दंगे होऊ नयेत, लोकांची सुरक्षितता राहावी, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, मुलांना इजा पोचू नये. शेजारच्या रहिवाशाला परवान्याविरुद्ध तक्रार मांडता येते.

त्याच २००५ सालच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने उलट वाट धरली. बारमधले नृत्य बंद करण्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली. दारू चालू राहिली, नाच थांबला आणि हजारो बायांची रोजी गेली. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. गरिबाच्या बारमधला नाच नीती बिघडवतो आणि श्रीमंताच्या हॉटेलातला बिघडवत नाही, हे न्यायालयाला पटले नाही. २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्यातही नाच चालेल त्या खोलीत दारू देऊ नये, मध्ये आडभिंत घालावी, शाळा-देवळापासून एक किलोमीटर लांब असावे, अशा अटी होत्या. १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने त्या काढून टाकल्या; संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळेची अट आणि नोटा उधळण्यावरची बंदी मात्र टिकली.

आता या दोन निकालमालिका शेजारी ठेवून पाहा. दारू विकणे हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. नाचून पोट भरणे हा मात्र एक धंदा आहे आणि त्याला घटनेचे संरक्षण आहे. कायद्याच्या तराजूत नाचणारीचे पारडे बाटलीहून जड. आणि व्यवहारात? २००५ साली बाटली दुकानात राहिली आणि नाचणारी रस्त्यावर आली. बहिरमच्या मैदानातही तमाशाच गेला. समाजाला दोहोंतले एक हटवायचे झाले की हात आधी कलावंताकडे जातो, कारण तिच्यामागे महसूल नसतो. गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर गावाच्या हातात आहे. १८८९ मध्ये ज्या ‘स्थानिक मता’ची नुसती भाषा झाली, त्याला महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाने ठोस रूप मिळाले. गावातल्या पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेळघाटातल्या धारणी, चिखलदऱ्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या अधिकारांत मद्यबंदीचा अधिकारही धरला आहे.

मात्र यातला हिशेब नीट समजून घ्या, कारण पुष्कळ गावे तिथेच फसतात. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. समजा, यादीत आठशे नावे आहेत. त्या दिवशी ३९० बाया आल्या आणि सगळ्यांनी आडवी बाटली केली, उभ्या बाटलीला एकही मत पडले नाही, तरी दुकान उभेच! कारण ४०१ पाहिजेत. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे यादीत राहिलेली असतात, वारलेल्या म्हाताऱ्यांची असतात, वीटभट्टीवर गेलेल्यांची असतात. त्या सगळ्या न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणून ही लढाई मतदानाच्या दिवशी जिंकता येत नाही. मतदारयादी दुरुस्त करण्याच्या महिन्यात ती जिंकावी किंवा हरावी लागते. आणि गावात यादी नीट वाचणारा, नावे कमी-जास्त करण्याचे अर्ज भरून देणारा कोण असतो? बहुधा शाळेतले गुरुजीच.

एवढे करून दुकान बंद झाले, तरी गोष्ट संपत नाही. वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने १९७४ पासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी आणणे आणि ती टिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. टिकवायची तर गाडगेबाबांचे म्हणणे आठवावे लागते : संध्याकाळच्या बैठकीला दुसरी जागा पाहिजे. वाचनालय, भजन, कुस्तीचा आखाडा आणि पोरांचे नाटक.

म्हणून गुरुजींना माझे उशिराचे उत्तर असे आहे. ‘सरकारमान्य’ या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असा कधीच नव्हता. त्याचा अर्थ एवढाच, की या धंद्यावर अटी आहेत आणि त्या पाळल्या जातात की नाही हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. शाळकरी पोराच्या हाती बाटली दिली गेली, वेळ संपल्यावर मागचे दार उघडले गेले, तर परवाना मोडला जातो. ते लिहून देता येते. आणि तुमच्या गणपतीतल्या नाटकाचा परवाना अवश्य काढा, विजेच्या तारा तपासून घ्या, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करा. पण नाटक बसवायचे सोडू नका. गावात त्या रात्री लोकांना बसायला दोन ठिकाणे असतील. पोरांच्या नाटकापुढे सतरंजी जरा मोठी अंथरा.